व्हिलनचा हिरो करताना पाणी कुठं मुरतं

विचारणाऱ्या पोराचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. लातूरच्या चार मित्रांनी मिळून एक छोटा फँटसी आरपीजी (पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) केला. त्यातला व्हिलन जलकेतू, डोंगरावरचा राजा, त्यानं नदी वरच कोंडली, खालची सात गावं वाळून गेली, शेवटी हिरो डोंगर चढून जातो, त्याला मारतो, नदी सुटते, क्रेडिट्स. गेम बऱ्यापैकी चालला आणि गंमत अशी की खेळणाऱ्यांना हिरोचं नावसुद्धा आठवंना, सगळे जलकेतूबद्दलच बोलायले. म्हणून आता दुसऱ्या भागात जलकेतूच हिरो. प्लॅन असाय की तो मुळात चांगलाच होता, एका महाराक्षसानं त्याला वश केलतं आणि नदी त्याच्याकडून बळंच कोंडून घेतली, आता तो महाराक्षस स्वतः येतोय आणि त्याला हरवायची ताकद फक्त जलकेतूत. विचारलंय की हे लोकांना पटंल का, आणि जलकेतूला जस्टिफाय कसं करायचं.

भावा, पटणार नाही. आणि जस्टिफाय हा शब्दच डोक्यातून काढ, सगळा घोळ तिथंच आहे.

मी मूळचा परभणीचा, पण बारा-तेरा वर्षं पुण्यात गेमच्या स्टोऱ्या लिहायचंच काम करायलोय, आणि तू जी चूक करायच्या बेतात आहेस ती मी पगार घेऊन केलेली आहे. एका मोबाईल आरपीजीत आमची एक चेटकीण राणी होती, लोकांना लै आवडली, मग वरून आदेश आला की पुढच्या अपडेटमध्ये तिला प्लेएबल हिरो करा. आम्ही काय केलं? हेच. तिच्या गळ्यातल्या रत्नात कोणीतरी बसलेला होता, सगळं त्यानंच केलं, ती बिचारी आत रडत होती. कटसीन (मध्येच येणारा, खेळायचा नाही निसता बघायचा तुकडा) एकदम भारी झाला, म्युझिक, अश्रू, सगळं. टेस्टिंगला एक कॉलेजची पोरगी बसली होती, कटसीन संपला तशी ती स्क्रीनकडं बघतच राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी तिला उगंच मारलं?" आम्ही खुश, म्हटलं बघ कसा परिणाम झाला. पण ती खुश नव्हती, ती वैतागली होती. तिनं आठ दिवस ग्राइंड करून, म्हणजे त्याच त्या लढाया परत परत खेळून, त्या राणीला हरवलं होतं आणि आम्ही आता तिला सांगायलो की तुझी लढाई खोटी होती, तू एका आजारी बाईला बडवलंस. तो अपडेट कसाबसा गेला आणि राणीला कोणी टीममध्ये घेईना.

वशीकरणानं होतं काय, तू व्हिलनला वाचवत नाहीस, तू त्याला गायबच करतोस. लोकांना जलकेतू आवडला तो नदी कोंडणारा जलकेतू. नदी दुसऱ्यानंच कोंडली म्हटलं की मग हा कोण? एक मुकुट घातलेला रिकामा माणूस. आणि ती सात गावं? त्यांचं बिल कोणाच्या नावानं फाडायचं? महाराक्षसाच्या? त्याला तर प्लेयर ओळखतसुद्धा नाही. गावं मेली ती मेलीच आणि आता त्यांचा गुन्हेगारसुद्धा राहिला नाही. पाणी मुरतं ते इथं.

आता माझं म्हणणं असंय की व्हिलनला हिरो करायचं असंल तर घडलेल्या गोष्टीतला एक खडासुद्धा हलवायचा नाही. नदी त्यानंच कोंडली, स्वतःच्या हातानं, शुद्धीवर असताना. सात गावं वाळली. तो मेला. हे सगळं तसंच ठेवायचं आणि फक्त उभं राहायची जागा बदलायची.

हे शिकायला जपान-अमेरिकेला जायची गरज नाही, दिवाळीच्या पाडव्याला घरात काय म्हणतात ते आठव. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणात बळी कोण? असुरांचा राजा. वामन आला, तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत सगळं संपलं, तिसरं डोक्यावर, बळी पाताळात. आता आपल्याकडं याच गोष्टीत बळीराजा म्हणजे शेतकरी, आणि आया ओवाळताना त्याचं राज्य परत मागतात. गोष्टीतला कुठला प्रसंग बदलला? एकही नाही. कोणी असं म्हणलं नाही की बळीला कुणी वश केलतं, किंवा तिसरं पाऊल पडलंच नाही. पाऊल पडलं, तो खाली गेला, फक्त सांगणारा माणूस वामनाच्या मागं उभा नाही, बळीच्या बाजूला उभाय, त्याच्याच रानात. (महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तर त्याच्याही पुढं जाऊन पुराणाचाच पंचनामा केला, पण तो वेगळा विषय झाला.)

किंवा माळेगावच्या जत्रेला गेला असशील तर खंडोबाचं घे. मणी आणि मल्ल दोघं दैत्य भाऊ, देवानं दोघांनाही मारलं. मणी मरताना शरण आला, आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ जागा मागून घेतली. त्यानं आधी केलेलं काही पुसलं गेलं का? नाही. आणि मल्लाचं तर नावच देवाच्या नावात अडकून बसलंय, मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी. आपल्या मातीत व्हिलनला देव्हाऱ्यात बसवायची पद्धत आहे पण त्याला आंघोळ घालून बसवायची पद्धत नाही.

गेममध्ये हे नीट केलेलं बघायचं असंल तर दोन नमुने मी नेहमी सांगतो. एक जुना, १९९१ चा फायनल फँटसी फोर. त्यातला सेसिल गेम सुरू होतो तेव्हाच एक गाव लुटून परत येत असतो, राजाचा सरदार म्हणून, आणि लगेच दुसऱ्या गावात एक पुडकं पोचवायला जातो त्यातनं आग निघते आणि ते गाव जळतं. ते पुडकं पोचतं प्लेयरच्याच हातून. पुढं तो एकटा पडून त्याच पहिल्या लुटलेल्या गावात पोचतो, मिसिडिया, तर तिथले लोक त्याच्याशी बोलायचं सोडून त्याला मंत्र मारून बेडूक करतात, डुक्कर करतात. तू बिचारा माहिती काढायला गेलेला असतोस आणि बेडूक होऊन उड्या मारत फिरतोस. हसू येतं आणि लाजही वाटते, पश्चात्तापाच्या कुठल्याही डायलॉगपेक्षा जास्त. मग डोंगरावर त्याला स्वतःच्याच काळ्या रूपाशी लढायचंय, आणि त्या फाईटमध्ये जिंकायचा उपाय काय तर अटॅक करायचाच नाही. गप उभं राहून मार खायचा. आणि त्यानंतर तो पॅलाडिन, म्हणजे उजेडाचा योद्धा, होतो तेव्हा लेव्हल? एक. इतक्या तासांची कमाई गेली. चांगलं व्हायची किंमत डायलॉगमध्ये नाही, लेव्हलच्या आकड्यात आहे. ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेव.

दुसरा २०१० चा निअर. पहिल्यांदा खेळताना तू सावल्यांसारखे राक्षस मारत सुटतोस. पुन्हा खेळायला घेतला की गेम निम्म्यातनं सुरू होतो, त्याच फाईट, तेच बॉस, सगळं तेच, फक्त आता त्या राक्षसांचं बोलणं तुला कळायला लागतं. एका कारखान्यात एक लहान लेकरासारखी सावली आणि एक मोठा रोबो आहेत, पहिल्या वेळी तो निसता एक बॉस, दुसऱ्या वेळी दोन मित्र. तू करतोस तेच करतोस. घटना एकही बदललेली नाही. मला विचारशील तर या धंद्यात याच्यापुढं फार थोडे गेलेत.

आणि अर्धवट जमलेलं म्हणजे वॉरक्राफ्ट या गेममधला इलिडन. वॉरक्राफ्ट थ्री २००२ चा, आम्ही परभणीत सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन खेळायचो, लोडशेडिंग झालं की सेव्ह न केलेलं सगळं बोंबललं. २००३ च्या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या पुरवणी भागात, इलिडन किल्जेडन नावाच्या राक्षसांच्या सरदाराच्या हुकमावर चाललेला दिसतो, पण त्याचे स्वतःचेही काही बेत असतील असं वाटत राहतं. मग २००७ ला तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ब्लॅक टेंपलचा बॉस, लोकांनी त्याला मारून त्याच्या तलवारी लुटल्या. आणि त्याच गेमच्या २०१६ च्या लीजन या भागात कळतं की हा तर पहिल्यापासून खऱ्या शत्रूशीच लढत होता, तुम्हालाच कळलं नाही. आता गंमत बघ, कल्पना अगदीच हवेतली नव्हती, जुन्या गेममध्ये बीज होतं, पण २००७ मध्ये जिथं लोकांनी त्याला मारलं तिथं ते दाखवलेलंच नव्हतं. म्हणून निम्मे लोक खुश, निम्मे म्हणाले थापा. पण त्याच गोष्टीत पुढं २०१७ ला एक प्रसंग आहे तो मात्र कडक, प्रकाशाची एक देवतेसारखी शक्ती त्याला म्हणते ये, तुझे डाग धुते, तुला नवा करते, आणि हा तिला नकार देऊन उडवूनच टाकतो. डाग माझेत, राहू दे. त्या एका सीनमध्ये तो जेवढा हिरो झाला तेवढा बाकीच्या सगळ्या खुलाशांत झाला नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून मी काल रात्री तुझा पहिला गेम परत खेळलो, जलकेतूचं काही आधीच सांडलेलं सापडतंय का बघायला. आणि सापडलं. तिसऱ्या गावात आडाच्या कठड्यापाशी एक फुटकी घागर पडलीय, तांब्याची, गळ्याला चिंधी बांधलेली. तुमच्यातल्या कोणीतरी उगं डेकोरेशन म्हणून ठेवली असंल. आणि बॉस फाईटच्या खोलीत सिंहासनामागं तसलीच चिंधी बांधलेली दुसरी घागर आहे. मला माहितीय, एकच थ्रीडी मॉडेल दोनदा वापरलं, पैसे वाचवले. पण आता ते बीज आहे. खालच्या गावातली घागर वरच्या राजाच्या खोलीत कशी आली? तुझा दुसरा गेम इथनं सुरू होतो.

पुढं कसं करायचं ते माझ्या पद्धतीनं सांगतो, तू वाटलं तर मोडतोड कर.

पहिली गोष्ट, जलकेतू मेलाय तर मेलाच ठेव. जिवंत करायचं नाटक नको, मंत्र नको, जुळा भाऊ तर अजिबात नको. दुसरा भाग आधीच्या काळात ने, नदी कोंडायच्या काही दिवस आधी सुरू कर आणि त्याच बॉस फाईटपाशी संपव. प्लेयरला पहिल्या मिनिटापासून माहिती की आपण हरणार. घाबरू नको, लोक खेळतात.

आता तो नदी का कोंडतो. इथं तुला मी जरा खाजगी प्रश्न विचारतो. २०१६ ला तू लातुरातच असशील, शाळेत असशील. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं, ते सगळं तू बघितलंय. मी तेव्हा पुण्यात होतो आणि घरी फोन केला की आई आधी टँकरचं सांगायची, मग तब्येतीचं. आपण कायम खालच्या गावातली माणसं. पाऊस कमी पडला की नाशिक-नगरच्या धरणांतनं जायकवाडीला पाणी सोडायचं का नाही यावर भांडण ठरलेलंच, समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा आहे तरी वरचे एक म्हणतात, खालचे एक म्हणतात, आणि प्रकरण कोर्टात. म्हणून तुमच्या पहिल्या गेममध्ये नदी कोंडणारा आपोआप राक्षस झाला, तुम्ही विचारसुद्धा केला नसंल, तो राग तुमच्या पोटातनं आला आणि म्हणूनच तो व्हिलन जिवंत झाला. आता जलकेतूला हिरो लिहायचं म्हणजे तुला वरच्या धरणाच्या भिंतीवर जाऊन उभं राहायचंय. वरच्या गावाची तहान पण तहानच असती हे तुला लिहायचंय, आणि लिहिताना तुझा हात अडखळला पाहिजे. नाही अडखळला तर समजायचं की तू पुन्हा महाराक्षसच लिहायलास, फक्त दुसऱ्या नावानं.

तर सीन असा. वरच्या गावात एक बारव आहे, दगडी, पायऱ्यांची. स्क्रीनवर पाण्याचा बार-बिर काही दाखवू नको, पायऱ्याच बार. गेम सुरू होताना २१ पायऱ्या पाण्याखाली. रोज सकाळी एक पायरी उघडी पडती. प्लेयरला कोणी सांगायची गरज नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप मोजायला लागतो, मी हे एका प्रोटोटाइपमध्ये करून बघितलंय, लोक बाकी क्वेस्ट सोडून आधी पायऱ्या बघून येतात. उघड्या पडलेल्या पायरीवर शेवाळाचा पट्टा ठेव, पहिल्या दिवशी हिरवा, तिसऱ्या दिवशी तपकिरी, मग निसती पांढरी खूण. एवढंच काम आर्टिस्टला दे, पण नीट करून घे.

अकराव्या दिवशी खालनं एक आजी येती. डोंगर चढून, तांब्याची घागर घेऊन, गळ्याला चिंधी. पाणी मागती. प्लेयर जलकेतू आहे, राजा आहे, पण पोहरा त्यालाच ओढायला लाव, बटण दाबून, नाडा वर येताना कंट्रोलर थरथरला पाहिजे. आजी काही लंबं-चौडं बोलत नाही, "राजा असून पाणी शेंदतोस व्हय" एवढंच म्हणती आणि जाती. त्या दिवशी एक नाही, दोन पायऱ्या उघड्या पडतात. प्लेयरला खटकतं पण वाईट वाटत नाही, आपण चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी बारा बाया. तिसऱ्या दिवशी रांग डोंगराच्या वळणामागं जाती, शेवट दिसत नाही. आणि पोहरा ओढायचं ते बटण तसंच आहे. ओढत बस. कितीही ओढ. आता पायऱ्या पटापट उघड्या पडतात आणि मागं तुझ्याच गावातली लेकरं रिकामे तांबे घेऊन उभी.

मग नदीच्या दाराचं चाक. इथं कटसीन टाकलास तर माझा-तुझा संबंध संपला. कटसीनमध्ये व्हिलन जे करतो ते व्हिलन करतो, प्लेयर चहा पितो. चाक प्लेयरनं फिरवायचं, तीन वेळा, दरवेळी बटण दाबून धरायचं, आणि तिसऱ्या वेळी खालच्या अंगाला पाण्याचा आवाज बंद होतो. टायमर लावू नको. न दाबता तासभर उभं राहायचं असंल तर राहू दे, पायऱ्या तेवढ्या उघड्या पडत राहतील. मला कोणी विचारतं की मग चॉइस का देत नाही, नदी न कोंडायचा. कारण पहिला गेम झालेला आहे बाबा. नदी कोंडली गेलेली आहे. प्लेयरकडं चॉइस एवढीच की ते चाक फिरवताना त्याला किती वेळ लागतो. वॉरक्राफ्टमध्ये आर्थस हा राजपुत्र स्ट्रॅथहोम शहरात आपल्याच प्रजेला कापतो तेव्हा सुद्धा ते प्लेयरच्याच माउसनं कापायचं होतं, शत्रूच्या आधी शंभर मारायच्या शर्यतीत, म्हणून वीस वर्षांनीसुद्धा लोक त्या मिशनवर भांडतात.

आजी परत येती. कधी ते तू ठरव, पण नदी बंद झाल्यावर येती, घागर रिकामी, आणि यावेळी ती पाणी मागत नाही. घागर राजाच्या पायापाशी ठेवती आणि निघून जाती. ती माफ करत नाही, शाप देत नाही, काहीच नाही. तुला इथं मोह होईल की पुढं एखादी साइड क्वेस्ट ठेवावी, तिच्या नातवाला वाचवलं की ती म्हणंल जा बाबा, माफ केलं. नको. ज्याचं वाळलं त्याच्याकडनं माफीची पावती घ्यायचा हक्क लेखकाला नाही. ती घागर सिंहासनामागं जाऊन बसती आणि पहिल्या गेममध्ये ती तिथंच दिसती, झालं. तिसऱ्या गावातल्या आडावरची दुसरी कोणाची, ते सांगायची गरज नाही, लोक स्वतः जोडतात आणि एकमेकांना रात्री-बेरात्री मेसेज करतात.

काही किरकोळ पण डोकं खाणाऱ्या गोष्टी. बॉसचे आकडे हिरोला तसेच देता येत नाहीत. तुझ्या गेममध्ये जलकेतूची हेल्थ १८,००० आहे आणि तो एका झटक्यात हिरोला झोपवतो, तोच प्लेयरच्या हातात दिला तर गेम दहा मिनिटात संपला, आणि कमी केला तर लोक म्हणणार हा आधी एवढा भारी होता आता लिंबूटिंबू झाला. यावर तुझ्याच गोष्टीत उत्तर आहे, त्याची ताकद पाण्याची. बारवेत पाणी भरपूर तेव्हा मंत्र दुबळे, कारण तो ताकद वापरत नाही, वापरली की पाणी जातं. नदी कोंडल्यावर एकदम ताकद येती, १८,००० सकट. म्हणजे पॉवर वाढती तीच त्याच्या पापामुळं, आणि प्लेयरला ती वापरताना मजा येती, येऊ दे. मजा आली पाहिजे, नंतर मळमळ झाली पाहिजे.

रंग. पहिल्या गेममध्ये त्याचं नाव लाल, मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) लाल ठिपका. इथं सुरुवातीला हिरवं ठेव आणि चाक फिरवल्यावर हळूहळू त्याचा स्वतःचा ठिपका स्वतःच्याच मॅपवर लाल होऊ दे. म्युझिक बॉस थीमचंच, पण आधी निसतं एका संबळावर, मग हळूहळू बाकीचं येऊन बसू दे. डायलॉग मात्र पूर्ण नवे लिही, तुझा जलकेतू पहिल्या भागात नाटकातल्या राक्षसासारखा बोलतो, "हाहाहा मूर्ख मानवा". तो आवाज पहिल्या भागातल्या हिरोच्या कानानं ऐकलेला होता असं धर. दुसऱ्या भागात तो आपल्यासारखा बोलंल, वरच्या गावचा म्हणून जरा वेगळा हेल. आणि शेवटच्या फाईटमध्ये तीच "मूर्ख मानवा"ची ओळ परत येऊ दे, शब्दाला शब्द, पण यावेळी प्लेयरला माहिती असंल की हा माणूस का ओरडायलाय.

कॅमेऱ्याचं एक सांगतो, वेरूळला एकदा याच कामासाठी जाऊन ये, १६ नंबरचं कैलास लेणं. रावण कैलास हलवतोय तो पॅनल. वर शंकर निवांत बसलेत, पार्वतीनं त्यांचा हात धरलाय, एक दासी घाबरून पळायली, आणि शंकर नुसता अंगठा दाबून सगळं सावरतात. आता रावण कुठंय? खाली. तू अंगणात उभा राहिलास की तुझ्या जवळचा तोच, त्याचे हात पसरलेले, सगळा जोर त्याच्या अंगात. कोरणाऱ्यानं शंकराला लहान केलं नाही आणि रावणाला चांगला केला नाही, फक्त बघणाऱ्याला त्याच्या शेजारी उभं केलं. माझा एक दोस्त तिथं जाऊन दहा मिनिटं गप बसला आणि मग म्हणाला, कॅमेरा कमरेच्या उंचीला ठेवायचा. बरोबर बोलला. पहिल्या गेममध्ये तुझा कॅमेरा हिरोच्या खांद्यावरनं वर बघतो म्हणून जलकेतू डोंगरासारखा दिसतो. दुसऱ्यात कॅमेरा त्याच्या कमरेशी आण, म्हणजे लोकांना त्याचे हात दिसतील, चाकावर, नाड्यावर, घागरीवर.

आता शेवटची फाईट, यात लै मजा आहे. आता तू बॉस आहेस आणि समोरनं हिरो येतो, तो एआय. त्याला हुशार करू नको. पहिला गेम लोकांनी कसा खेळला ते तुमच्याकडं रेकॉर्ड आहेच, तोच डेटा वापर. हिरो रोल मारत येतो, मध्येच थांबून पिशवीतनं एकामागं एक औषधाच्या बाटल्या पितो, भाकरी खातो, अर्धमेला झाला की खांबामागं लपून परत भाकरी खातो, आणि हे सगळं होताना तुझी तलवार हवेत. बॉसच्या बाजूनं हे किती भयंकर दिसतं माहितीय? एक मुका माणूस, एक शब्द बोलत नाही, मरतच नाही, आणि येतच राहतो. पहिल्या गेममध्ये हिरोला एकही डायलॉग नव्हता, तुम्ही पैसे वाचवायला ठेवला नव्हता ना, तर इथंही देऊ नको. प्लेयर आधी हसंल, कारण तो स्वतःच तसा खेळला होता, आणि मग त्याच्या १८,००० पैकी ४०० उरल्यावर हसायचं थांबंल.

हेल्थ शून्य झाल्यावर कंट्रोल काढून घेऊ नको. चालता येऊ दे, हळू, चाकापर्यंत नाही पोचणार इतकं. हिरो चाक फिरवतो, खाली पाण्याचा आवाज परत येतो, आणि बारवेकडं बघता येतं. किती पायऱ्या उघड्या आहेत ते तिथंच दिसतं. वरच्या गावाचं पुढं काय झालं ते सांगायचं नाही, पहिल्या गेमनंही नव्हतं सांगितलं.

महाराक्षसाचं मॉडेल तुमच्या आर्टिस्टनं आधीच केलंय असं लिहिलंयस, ते वाया जाणार म्हणून तू जीव तोडून सांभाळायलास ते कळतंय मला. पहिल्या भागातल्या देवळाच्या भिंतीवर चित्र म्हणून लावून टाक, गावकऱ्यांना वाटतं असा कोणीतरी आहे म्हणून. आणि त्या बॉस फाईटच्या आधीचा स्किप न होणारा कटसीन तेवढा काढ राव, काल रात्री तीनदा हरलो आणि तीनदा तेच ऐकत बसलो.